म्हैस, जिताडा आणि माझी चूक

अलिबागकर,

‘उष्म्यात प्राण्यांची भूक मेंदूच आवरतो’ असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर ‘मे महिन्यात म्हैस खात नाही याला मेंदू कशाला हवा? हिरवं संपलेलं, पुढ्यात नुसता पेंढा. तुम्ही तरी खाल का? आणि उष्म्याने भूक मरते म्हणता, मग आमच्या तळ्यातला जिताडा मासा थंडीत खाद्याकडे बघत नाही आणि ऊन तापलं की तुटून पडतो, तो का?’ असं तुम्ही विचारलंय.

आधी जिताडा, कारण तिथे मी चुकलो. सरसकट ‘प्राणी’ लिहून मोकळा झालो. माशाचं अंग पाण्याइतकंच गार किंवा गरम. पाणी गार झालं की पचन मंदावतं, भूकही. कोमट पाण्यात उलट. (फारच तापलं तर पाण्यातला प्राणवायू घटतो आणि तोही खाणं सोडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.) म्हशीला मात्र अंगाचं तापमान एकाच जागी राखायचं असतं, आणि खाल्लेलं पचताना पोटात उष्णता तयार होते. पेंढ्यासारखी जाडीभरडी वैरण पोटात आंबताना तर जास्तच. म्हणून उष्म्यात ती खाणंच आवरते. म्हणजे पेंढ्याला दोष देण्यात तुम्ही निम्मे बरोबर आहात, फक्त कारण चवीचं नाही.

आमच्या शेजारच्या गोठ्यातली म्हैस बघा. वैशाखात दुपारी दोनला भिजवलेल्या पेंडेचं घमेलं पुढे सरकवलं, तर हुंगून तोंड फिरवते. पेंड, तिचा जीव की प्राण! जीभ बाहेर, धाप लागलेली. काळी कातडी, घाम बेताचा, आणि आपल्या दमट हवेत तोही वाळत नाही. चारला व्हाळात नेऊन तासभर डुंबवली की परत येऊन तोच सकाळचा पेंढा कराकरा चावते. वैरण तीच, गव्हाण तीच.

यावर ‘संध्याकाळी हवाच गार होते’ म्हणाल. म्हणून शेळ्यांचा प्रयोग सांगतो. 1961 साली स्वीडनमध्ये अँडरसन आणि लार्सन यांनी शेळीच्या मेंदूतला, हायपोथॅलॅमसच्या (मेंदूच्या तळाशी असलेलं भूक-तहान आणि तापमान सांभाळणारं केंद्र) पुढचा एवढासा भाग नळीने गरम केला. भुकेली शेळी खायची थांबली आणि पाणी पिऊ लागली. तोच भाग गार केला तर पोट भरलेली शेळीही खाऊ लागली. बाहेरची हवा कुणी बदललीच नव्हती.

आणि ‘मेंदू कशाला’ याला उत्तर आपल्याच शरीरक्रियाशास्त्रज्ञ बी. के. आनंद यांचं. 1951 मध्ये त्यांनी अमेरिकी शास्त्रज्ञ ब्रोबेक यांच्यासोबत उंदरांच्या हायपोथॅलॅमसच्या दोन्ही कडांचा बारीक भाग निकामी केला. समोर खाणं असूनही उंदरांनी तोंड लावलं नाही. ‘जनावर ऊब राहावी म्हणून खातं, अंग तापू नये म्हणून थांबतं’ हे म्हणणं याच ब्रोबेक यांचं, 1948 चं. तेवढ्याने सगळी भूक उलगडत नाही. चरबीतून मेंदूला निरोप नेणारं लेप्टिन हे संप्रेरक 1994 मध्ये सापडलं, ते मी मूळ लेखात गाळलं होतं.

‘प्राणी’च्या जागी ‘गुरं’ अशी दुरुस्ती आजच केली आहे. तळ्यावर खाद्य पहाटे टाकता की उन्हं कलल्यावर, ते जरूर कळवा. जिताड्यावर लिहायचंय, आणि या वेळी आधी तुम्हाला विचारून.