स्पॅनटॅक्सच्या नावावर खपवलेली पापं

विमानवेड्यांच्या गप्पांत स्पेनच्या स्पॅनटॅक्स या चार्टर, म्हणजे पर्यटकांसाठी भाड्याने विमानं उडवणाऱ्या, कंपनीचा विषय निघाला की एकच कहाणी फिरते. भंगारातली विमानं घेऊन निघालेली कंपनी, मालकच असा की चुकीच्या विमानतळावर उतरला, एकदा आकाशात दुसऱ्या विमानाला धडकून अख्खं विमान पाडलं, मलागाला वैमानिक घाबरला म्हणून पन्नास माणसं जळाली, आणि एवढे अपघात झाल्यावर 1988 साली दुकान बंद. ऐकायला झकास आहे. पण यातला एकेक मुद्दा धरून ओढला की शिवण उसवते.

आधी भंगाराचं बघू. 1959 साली रोडोल्फो बाय आणि मार्ता एस्तादेस यांनी कंपनी काढली तेव्हा विमानं खरोखरच जुनी आणि लहान होती. काम होतं कॅनरी बेटांवरून स्पॅनिश सहारात तेल शोधणाऱ्यांची ने-आण करण्याचं. नावही त्यावरूनच पडलं, ‘स्पॅनिश एअर टॅक्सी’चं स्पॅनटॅक्स. (त्यातला ‘टॅक्स’ म्हणजे कर नव्हे, हेही दोनदा समजावून सांगावं लागलंय.) पुढे उत्तर युरोपातले पर्यटक उन्हासाठी मायोर्काकडे लोटू लागले, तशी कंपनी मायोर्कातल्या पाल्मा शहरात रुळली आणि डीसी-4, डीसी-6, डीसी-7 अशी पंख्याची विमानं आली.

1967 साली मात्र तिने अमेरिकन एअरलाइन्सकडून कॉन्व्हेअर 990 घ्यायला सुरुवात केली. ही चार इंजिनांची जेट विमानं होती, सेवेत येऊन जेमतेम पाच वर्षं झालेली. ताशी सुमारे 990 किमी वेगाने पळणारी, आपल्या पिढीतली बहुधा सगळ्यात चपळ प्रवासी विमानं. पंखांच्या मागच्या कडेला चिरुटासारखे फुगवटे, त्यामुळे लांबूनही ओळखू यायची. याच विमानाचं ‘कोरोनाडो’ हे नाव स्विसएअरने रूढ केलेलं. एकूण 37च बनली, कारण ती इंधन भसाभसा प्यायची आणि मोठ्या कंपन्यांना परवडेनात. स्पॅनटॅक्सने पुढे एकूण 14 घेतली. म्हणजे विमानं भंगार नव्हती, खर्चिक होती. हा फरक शेवटी कामाला येईल.

चुकीच्या विमानतळाची गोष्ट खरी आहे. मे 1967मध्ये हॅम्बुर्गच्या फुल्सब्युटेल विमानतळाला जायचं कोरोनाडो स्वतः बाय यांनी फिंकेनवेर्डरला, विमान कारखान्याच्या आखूड धावपट्टीवर उतरवलं. कुणाला काही झालं नाही. पण ही एका कंपनीची कुंडली म्हणून सांगणाऱ्यांनी जरा मुंबईकडे बघावं. 1953च्या जुलैत बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट विमान सांताक्रूझऐवजी जुहूला उतरलं आणि तब्बल नऊ दिवसांनी तिथून बाहेर पडलं. 1972 साली जपान एअरलाइन्सचं डीसी-8 त्याच जुहूला उतरून धावपट्टीबाहेर गेलं. 1960 साली पॅन ॲमचं 707 लंडनच्या हीथ्रोऐवजी जवळच्या नॉर्थोल्टला उतरलं होतं. या तिघींना कुणी ‘उडती शवपेटी’ म्हणत नाही.

टक्कर झाली 5 मार्च 1973 रोजी, फ्रान्समध्ये नांतजवळ. इबेरियाचं डीसी-9 पाल्माहून लंडनला निघालेलं, स्पॅनटॅक्सचं कोरोनाडो माद्रिदहून लंडनला. फ्रान्सचे नागरी नियंत्रक संपावर होते आणि आकाश लष्करी नियंत्रकांच्या हाती होतं. दोन्ही विमानं एकाच उंचीवर ठेवून केवळ वेळेच्या हिशेबाने वेगळी काढायची, असा डाव मांडला गेला. कोरोनाडोने नांतवर उशिरा पोचावं अशी सूचना होती. रेडिओवर नीट संपर्क होईना, तेव्हा वेळ काढण्यासाठी वैमानिकाने परवानगी न मिळताच गोल वळण घेतलं आणि ढगात दोघं एकमेकांवर आली. डीसी-9मधले सगळे 68 जण गेले. वैमानिकाची चूक आहेच, तिच्यावर पांघरूण घालणार नाही. पण तो डाव स्पॅनटॅक्सने मांडलेला नव्हता. आणि डाव्या पंखाचा तुकडा गेलेलं ते विमान 107 माणसांसह कोन्याकच्या लष्करी तळावर सुखरूप उतरवलं गेलं. कहाणीत हे कधीच येत नाही.

मलागाबद्दल मला खरा राग येतो. 13 सप्टेंबर 1982. न्यूयॉर्कला निघालेलं डीसी-10, आत 394 माणसं. धावताना पुढच्या चाकाच्या रिमोल्ड, म्हणजे जुन्यावरच नवा थर चढवलेल्या, टायरचा वरचा थर सुटला. (एसटीने फिरलेल्याला रिमोल्ड काय ते सांगायला नको.) विमान गदागदा हादरू लागलं, तेही नेमकं त्या वेगाच्या पुढे, जिथे ‘आता थांबायचं नाही, उडायचंच’ असा नियम असतो. वैमानिकाला नाक उचलताना हादरे वाढलेले जाणवले. कशामुळे, ते कळायला मार्ग नव्हता, आणि त्याने उड्डाण सोडलं. विमान कुंपण तोडून महामार्ग ओलांडून गेलं, पेटलं, 50 जण गेले. चौकशीने काय म्हटलं? निर्णय नियमाला धरून नव्हता, पण त्या परिस्थितीत समजण्याजोगा होता, कारण प्रशिक्षण सगळं इंजिन बंद पडण्याचं होतं, चाकाच्या बिघाडाचं नव्हतंच. याला ‘घाबरला’ म्हणायचं? वाचलेले 344 जण कहाणीत कुठे आहेत?

गंमत अशी की ज्यासाठी स्पॅनटॅक्सला खरोखर जाब विचारायचा, ते या कहाणीत नसतंच. जानेवारी 1970मध्ये स्टॉकहोमहून तीनच इंजिनांवर प्रवाशांविना विमान न्यायला निघाले, ते पडलं आणि दहांपैकी पाच जण गेले. 3 डिसेंबर 1972ला कॅनरी बेटांतल्या तेनेरिफच्या लोस रोदेओस विमानतळावर दाट धुक्यात म्युनिकसाठी कोरोनाडो उडालं, जमिनीपासून फारसं वर गेलेलं नसताना वळवताना ताबा सुटला. 155 जण, कुणीच वाचलं नाही. इथे ना संप होता ना टायर. कंपनीवर टीका करायची तर इथून सुरुवात करा.

राहिला शेवट. मलागानंतर कंपनी साडेपाच वर्षं उडत होती, तेव्हा अपघातांनी बंद पडली हे गणित बसत नाही. तिला कर्जाने खाल्लं. 1973 आणि 1979च्या तेलसंकटांनंतर ती तहानलेली कोरोनाडो पोसणं म्हणजे पांढरा हत्ती दारात बांधणं. बोइंग 737 आणि एमडी-83 आली तोवर उशीर झाला होता. त्यात 1986 साली एअर युरोपा, 1987 साली एलटीई अशा ताज्या दमाच्या कंपन्या तिच्याच पर्यटकांवर उतरल्या. 29 मार्च 1988 रोजी उड्डाणं थांबली. नंतर कितीतरी वर्षं एक कोरोनाडो पाल्माच्या विमानतळाच्या कडेला उभं होतं आणि सुट्टीवर आलेली माणसं नव्या कंपन्यांच्या खिडक्यांतून ते बघत होती.