"तेवढं कागदावर लिहून द्या की, म्याडम"

आज दुपारी लॅबमध्ये एक बाई आल्या. डोक्यावर पदर, हातात नातवाचा रिपोर्ट. मागे भिंतीला टेकून सून उभी, ओली बाळंतीण, कानाला स्कार्फ बांधलेला. बाईंनी रिपोर्ट काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "म्याडम, ह्यो आजार आईकडनंच येतोय म्हनं. तेवढं कागदावर लिहून द्या की. सही-शिक्का मारून."

बावीस वर्षं मिरजेत रक्त तपासतेय. साखर जरा कमी दाखवा म्हणणारे बघितले, रिपोर्टवरची तारीख मागे घ्या म्हणणारे बघितले. सुनेविरुद्ध पुरावा मागायला आलेलं आजच बघितलं. त्या पोरीनं मान वर केली नाही. मला तिच्या जागी माझी धाकटी बहीण दिसली.

रिपोर्ट होता जी-सिक्स-पीडीचा. तांबड्या पेशीतलं हे एक एन्झाइम. शाळेच्या पुस्तकात 'विकर' म्हणून वाचलं असेल, लॅबमध्ये तसं कोणी म्हणत नाही. पेशीला आतून गंज चढू नये म्हणून ते राबत असतं. तांबड्या पेशीला केंद्रक नसतं, त्यामुळे नवं प्रथिन बनवायची सोयच नाही. निघताना जी शिदोरी मिळाली तिच्यावर १२० दिवस काढायचे. ज्यांचा जनुक वेगळा, त्यांची शिदोरी लवकर नासते. एरवी काही बिघडत नाही, खातात, खेळतात, सत्तरी गाठतात. पण डांबर गोळीची वाफ, मलेरियाची प्रायमाक्विन असलं काही गाठ पडलं की पेशी फुटायला लागतात. जगात चाळीस कोटींच्या आसपास लोक असे आहेत. चाळीस कोटी सुना काय सगळ्या पांढऱ्या पायाच्या?

बहिणीचं सांगते. नऊ वर्षं झाली. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी म्हैसाळला आली. आमच्या आईनं माळ्यावरची ट्रंक काढली. त्यात माझ्या मुलाची झबली, टोपडी, दुपटी. नव्या बाळाला जुने कपडे घालायचे, मऊ असतात, हे आईचं ठरलेलं. सगळं डांबर गोळ्यांत नीट जपलेलं. पाचवीच्या पूजेपर्यंत पोर सांगलीच्या पेठेतल्या हळदीसारखं पिवळं. आधी कोवळ्या उन्हात धरलं, मग दवाखान्यात पळवलं. काचेत ठेवलं, निळ्या लाइटखाली. बिलिरुबिन, म्हणजे फुटलेल्या पेशींतून निघणारं पिवळं द्रव्य, उतरेना, शेवटी रक्त बदलावं लागलं. दुसऱ्या दिवशी तासगावहून सासूबाई आल्या आणि काचेकडे बघून पहिलं वाक्य बोलल्या: "पायगुण."

तेव्हा जी-सिक्स-पीडी तपासलं, नॉर्मल आलं. येणारच. पोराच्या अंगात तेव्हा रक्तदात्याचं रक्त फिरत होतं. आणि रक्त बदललं नसतं तरी पेशी फुटण्याच्या भरात ही टेस्ट फसवते, कारण म्हाताऱ्या पेशी आधी फुटतात आणि मागे उरलेल्या तरण्या पेशींत एन्झाइम भरपूर सापडतं. डॉक्टर म्हणाले, तीन-चार महिन्यांनी परत करा. केली. मीच केली. रक्ताचा थेंब रसायनात मिसळून कागदावर ठिपका घ्यायचा आणि अंधारात अतिनील दिव्याखाली धरायचा. चांगलं रक्त निळसर चमकतं. शेजारचा कंट्रोलचा, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या चांगल्या रक्ताचा ठिपका चमकत होता, भाच्याचा काळाच राहिला. त्या अंधाऱ्या खोलीत मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक.

मग 'पायगुण' जाऊन 'तुमच्याकडचा दोष' आला. कारण तेवढ्यात कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की मुलाला हे आईकडून येतं.

खोटं नाही ते. कबूल करते, दात खाऊन. हा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो आणि मुलाला एक्स आईकडूनच मिळतो. ट्रंकही आमचीच, गोळ्याही आमच्याच. म्हणजे सासूबाईंचा हिशेब दोन्हीकडून बरोबर होता, आणि तरी त्यांनी दोन वर्षं माझ्या बहिणीला माहेरी पाठवलं नाही, हे मी अजून विसरलेले नाही. अर्धं विज्ञान हातात आलं की आपल्याकडे त्याची पहिली काठी सुनेच्या पाठीत बसते. अंधश्रद्धेला निदान उत्तर तरी देता यायचं. रिपोर्टला काय उत्तर देणार?

आता पुढचं अर्धं ऐका. आईकडे तो एक्स कुठून आला? आमचे बाबा तरुणपणी कालव्याच्या कामावर होते. हिवताप झाला, मलेरियावाल्यांनी गोळ्या दिल्या आणि दोन-तीन दिवसांत लघवी काळ्या चहासारखी झाली. घरात ही गोष्ट 'बाबांची उष्णता' म्हणून हसत सांगायचे. भाच्याचा ठिपका बघितला त्या रात्री मला ती आठवली. सकाळी बाबांचं रक्त घेऊन लॅबला गेले. त्यांचाही ठिपका काळा. बापाकडे असला तर तो एक्स प्रत्येक मुलीकडे जातो, एकही सुटत नाही. म्हणजे बहीणही वाहक आणि मीही. माझ्या मुलाच्या वाट्याला माझा दुसरा एक्स आला, एवढंच. तीच ट्रंक, तीच झबली, तेच गोळ्यांचे वास. एकाला काही नाही आणि दुसऱ्याचं रक्त बदलावं लागलं. ह्यात माझं कर्तृत्व काय आणि बहिणीचा गुन्हा काय? लिहूनच द्यायचं तर आजोबांच्या नावानं द्यायला हवं. पण आजोबांचा पायगुण कोणी काढत नाही.

ह्या 'दोषा'नं जगाला काय दिलं तेही सांगते. प्रायमाक्विननं काही लोकांचंच रक्त का फुटतं ह्याचा शोध शिकागोजवळच्या स्टेटव्हिल तुरुंगातल्या कैद्यांवर घेतला गेला (कैद्यानं 'हो' म्हणण्याला कितपत 'हो' म्हणायचं, तो वेगळा विषय), आणि १९५६ मध्ये त्यामागे ह्या एन्झाइमची कमतरता सापडली. औषध एकच, पण जनुकाप्रमाणे एकाला गुण आणि दुसऱ्याला घात, हे त्यातून डोळ्यांसमोर आलं. पुढे १९६१ मध्ये जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी उंदरांवरून मांडलं की मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स जागा असतो. माणसात ते दाखवायला १९६२ मध्ये रक्ततज्ज्ञ अर्नेस्ट बॉयटलर यांनी कोणाचं रक्त घेतलं? ज्यांच्यात हा जनुक आहे अशा बायकांचं. त्यांच्यात दोन तऱ्हेच्या तांबड्या पेशी शेजारी शेजारी निघाल्या, काही भरलेल्या, काही रित्या. माझ्या बहिणीसारख्या बायकांचं रक्त हो. आणि मलेरियाचा जंतू असल्या पेशीत नीट पोसला जात नाही, म्हणूनच हिवतापाच्या मुलखांत हा जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला. ह्याला दोष म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

लग्नाआधी रक्त तपासा म्हणणारे मित्र इथे आहेत, त्यांचं थॅलेसेमियाबाबत (आई-बाप दोघं वाहक असले तर मुलाला होऊ शकणारा रक्ताचा गंभीर आजार) म्हणणं मला पटतं. ते जी-सिक्स-पीडीपर्यंत नका ताणू.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. आमची आई आठवतेय. तिला कळलं त्या दिवशी तिनं ट्रंक अंगणात उलटी केली आणि एकेक गोळी वेचून काढली. परत आयुष्यात घरात आणली नाही, कडुलिंबाचा वाळला पाला आणि वेखंड घालायची. कोणी तिला बोललं नव्हतं. तीच बोलायची, "मीच घातली गं त्याला." शेवटपर्यंत.

तर आज त्या बाईंना मी विचारलं, "आजी, बाळाचे कपडे कशात ठेवलेले?" त्या थांबल्या. "ट्रंकंत." "आणि ट्रंकेत?" बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग हळूच, "गोळ्या हायत्या." मी कागद घेतला आणि लिहून दिलं: डांबर गोळ्या घरात नकोत, कुठलंही औषध देण्याआधी डॉक्टरांना हा रिपोर्ट दाखवायचा. सही केली, शिक्का मारला आणि कागद सुनेच्या हातात दिला. आजींनी विचारलं, "त्यात आईचं लिवलंय का?" मी म्हटलं, "तुमचं लिहिलंय, गोळ्यांचं." तिथे सून पहिल्यांदा माझ्याकडे बघितली.

माझी लेक दिवाळीला येतेय. तिच्याकडे माझा कुठला एक्स गेलाय, मला माहीत नाही. बायकांत ठिपक्याची टेस्ट चकवते, जनुकाची तपासणी बाहेर पाठवावी लागेल. आत्ताच फोन करून विचारलं, रक्त देशील का? म्हणाली, "देते. पण आई, सुई तू मारायची नाहीस."