पुसट पक्षी आणि कॅमेऱ्यावर फुटणारं खापर

थंडी सुरू झाली की पक्षीमित्रांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरू लागतो. यंदा तो मला चौघांनी पाठवला. त्यात म्हटलंय, "पक्ष्याचा फोटो शार्प येत नाही याचं कारण एकच, जुना कॅमेरा. डोळा ओळखणारा मिररलेस घ्या, सगळे फोकस पॉइंट चालू ठेवा, स्टॅबिलायझर असला की शटर स्पीडची चिंता नको. तरीही पुसट आला तर एफ-११ लावा." (मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, फोकस पॉइंट म्हणजे चौकटीतल्या ज्या जागांवर कॅमेरा फोकस धरतो त्या, आणि एफ-११ म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करणं.) हे वाचून आमच्या म्हापशातला एक मुलगा कर्ज काढायला निघालाय, म्हणून लिहितोय.

सगळ्यात घातक आहे तो 'सगळे पॉइंट चालू ठेवा' हा सल्ला. त्याच मुलाने गोव्यातल्या चोडण बेटावर सलीम अली पक्षी अभयारण्यात काढलेला कॉलर्ड किंगफिशरचा (खंड्याचा) फोटो मी पूर्ण मोठा करून पाहिला. पुढच्या खारफुटीच्या मुळावर वाळलेला चिखल, त्याला गेलेली बारीक भेग, सगळं कोरून काढल्यासारखं स्पष्ट होतं. खंड्याचा डोळा मात्र मऊ. म्हणजे कॅमेऱ्याने फोकस अचूक केला होता, पण मुळावर! एवढे पॉइंट मोकळे सोडले की कॅमेरा बहुतेक वेळा जवळची, ठळक कडांची वस्तू पकडतो. तिथे एकच पॉइंट घ्यावा, डोळ्यावर ठेवावा आणि फोकस सतत चालणारा ठेवावा (कॅननवर सर्व्हो, निकॉन-सोनीवर एएफ-सी). डोळा ओळखणारी यंत्रणा मोकळ्या आकाशातल्या घारीसाठी खरंच उत्तम आहे, ते मी नाकारत नाही. पण डोळा फांदीआड असला किंवा चौकटीत ठिपक्याएवढा असला, तर तीही चुकते.

स्टॅबिलायझर तुमचा हात सांभाळतो, पक्ष्याचे पंख नाही. करमळीच्या तळ्यावरून अडई बदकं उठतात तेव्हा १/५०० सेकंदाच्या शटरला पंख पुसले जाणारच. तिथे १/२००० तरी हवा, त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) वाढवावा लागला तरी वाढवा. त्याने फोटोत येणारे दाणे नंतर कमी करता येतात, हललेला पंख दुरुस्त होत नाही.

एफ-११ चं गणित मांडूनच बघा. एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा, ४०० मिमी लेन्स, पक्षी १० मीटरवर. एफ-५.६ ला साधारण १३ सेंटिमीटर खोली शार्प येते, एफ-११ ला २६. पण उजेड चौथाईवर येतो, म्हणजे त्याच आयएसओवर १/१६०० चा शटर १/४०० होतो. डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) तर फोकस करताना ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, पूर्ण उघडंच ठेवतो. एफ-११ लावल्याने फोकस मुळावरून डोळ्यावर सरकत नाही.

त्या संदेशात हवेबद्दल एक शब्दही नाही, आणि गोव्यात निम्मा घोळ तिथेच होतो. दहा वाजल्यानंतर तळ्यावरची हवा तापून थरथरू लागते. मग लाखाची लेन्सही दूरच्या बदकाच्या कडा नागमोडी दाखवते. एसी गाडीतून लेन्स बाहेर काढली की काचेवर बाष्प धरतं, ते वेगळंच. ती बॅगेतच ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेशी जुळू द्यावी.

त्या मुलाला मी रविवारी सकाळी चोडणला जाणाऱ्या रायबंदरच्या फेरीबोटीवर बोलावलंय, जुनाच कॅमेरा घेऊन.