पाणी कमी घातलंत काय?

कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला, काळे वाटाणे छताला जाऊन चिकटले, आणि दुकानदार शांतपणे विचारतो, "वहिनी, पाणी कमी घातलंत काय?" दर वेळी हेच! शेजारच्या काकूंचा उडाला तेव्हाही म्हणे पाणीच कमी. वस्तू खराब निघणं शक्यच नाही, बाईलाच अक्कल नाही!

अहो, १ फेब्रुवारी २०२१ पासून आयएसआय मार्काशिवाय घरगुती कुकर विकायलाच बंदी आहे. तरी गणपतीच्या तोंडावर बिनमार्काचे ढीग लागतात, आणि मुंबईचे चाकरमानीही 'स्वस्तात मिळाला' म्हणून तसलेच घेऊन येतात. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने एका बड्या ऑनलाइन कंपनीला सांगितलं, तुमच्याकडून विकले गेलेले असले २,२६५ कुकर परत घ्या आणि ग्राहकांना पैसे द्या. आमच्या बाजारात तसं काही सांगायला कोण येणार, कप्पाळ!

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकलीय. नाहीच ऐकलं तर रत्नागिरीला जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकीलही लागत नाही. फक्त पावती हवी. ती आमच्या शेटनी कच्ची दिलीय, सिगरेटच्या पाकिटामागे लिहून. उद्या पक्की मागायला जातेय, फुटका व्हॉल्व्ह पिशवीत घेऊन.