सिमेंटची चद्दर: तो मेसेज पुढे पाठवू नका

पावसाळा तोंडावर आला की इंदूरच्या जुन्या घरांत छपराच्या सिमेंटच्या चद्दरी, म्हणजे पत्रे, बदलायची कामं निघतात. नेमका आत्ताच आपल्या मराठी मंडळींत एक मेसेज फिरतोय: 'चद्दरीने कॅन्सर होतो ही अफवा आहे. आपल्याकडे पांढरं ॲस्बेस्टॉस असतं, ते निरुपद्रवी. सरकार विकू देतं. आमचे आजोबा 40 वर्षं याच चद्दरीखाली झोपले. काढताना तोंडाला रुमाल बांधा, तुकडे भरावात टाका.' यातला शेवटचा सल्ला तर कुणाच्या तरी जिवावर बेतेल.

पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचं आधी. ॲस्बेस्टॉस म्हणजे चद्दरीच्या सिमेंटमध्ये मिसळलेलं बारीक तंतूंचं खनिज, आणि पांढरं हा त्याचाच एक प्रकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पांढऱ्यासकट सगळ्या ॲस्बेस्टॉसला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलंय. तंबाखूही त्याच गटात आहे, आणि तीही प्रत्येक गुमटीवर उघड विकली जाते. तेव्हा सरकार विकू देतं म्हणजे सुरक्षित, हे इथेच संपलं.

आता आजोबा. हा मुद्दा लोकांना पटतो, कारण तो अर्धा खरा आहे. धड, न फुटलेल्या चद्दरीखाली राहणाऱ्याला धोका फार कमी असतो. तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. म्हणून घाबरून चांगली चद्दर उतरवू नका. धोका धुळीत आहे, आणि ती धूळ आजोबांच्या नाही, चद्दर कापणाऱ्याच्या छातीत जाते. आजार दिसायला 20 ते 50 वर्षं लागतात. 27 जानेवारी 1995 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी निदान 40 वर्षं जपायला सांगितल्या, त्या याचसाठी. चद्दर लावणारा मजूर पुढे कुठे गेला, कशाने गेला, हे मेसेज लिहिणाऱ्याने कधी विचारलंय?

रामबागेतल्या आमच्या जुन्या घरी मागच्या पडवीची चद्दर बदलली, तेव्हा ठेकेदाराने एका पोराला ग्राइंडर देऊन वर चढवलं. दहा मिनिटांत तुळशीच्या पानांवर पिठासारखा राखाडी थर बसला. पोराच्या भुवया पांढऱ्या. आईने खराट्याने अंगण झाडलं आणि ती धूळ पुन्हा उडाली. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. आज तो पोरगा आठवला की झोप लागत नाही.

रुमालाने काही अडत नाही. फुप्फुसात खोल जाणारे तंतू 3 मायक्रॉनपेक्षा बारीक असतात. आपला केस साधारण 70 मायक्रॉनचा. चांगला, चेहऱ्याला घट्ट बसणारा धूळरोधक मास्क लागतोच, पण त्याआधी धूळच उडू द्यायची नाही. चद्दर पाण्याने भिजवा, जोर न लावता. बोल्ट हाताने सोडवा, अख्खी चद्दर खाली उतरवा, फेकू नका. ग्राइंडर, ड्रिल, तारेचा ब्रश काही नको. काई (शेवाळ) खरवडायलासुद्धा नको. वर थेट पाय ठेवू नका, जुनी चद्दर फुटून माणूस खाली येतो. नंतर झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या. साधा व्हॅक्यूम क्लीनर बारीक तंतू परत हवेत सोडतो. आणि मजुराचे कपडे घरी झटकू देऊ नका: नवऱ्याच्या कामाचे कपडे धुणाऱ्या बायकांनाही हा आजार झाल्याच्या नोंदी आहेत.

'आमची चद्दर बिनॲस्बेस्टॉसची आहे' असं कुणी नुसतं बघून सांगितलं तर मानू नका. डोळ्यांना फरक कळत नाही, तो प्रयोगशाळेतच कळतो. जुनी असेल तर ॲस्बेस्टॉसचीच समजून वागा.

राहिला भराव. तुकडे अंगणात गाडले की पुढच्या खोदकामात तेच पुन्हा फुटणार, बहुतेक तुमच्याच नातवंडांसमोर. कचऱ्याच्या गाडीतही टाकू नका. जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळा, वर 'ॲस्बेस्टॉस' लिहा आणि चद्दर उतरवायच्या आधीच नगर निगमच्या झोन कार्यालयात विचारून ठेवा. घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारं केंद्र पीथमपूरलाच आहे. आपल्यापासून ते काही लांब नाही.