वेणी धरून ओढलं म्हणून

आज चार वाजता हवाई हल्ल्याच्या मॉक ड्रिलचा भोंगा झाला आणि आमची अख्खी सोसायटी गच्चीवर! हातात मोबाइल. पाच मिनिटांत ग्रुपवर तेरा व्हिडिओ, वर सेक्रेटरींचा मेसेज, 'विमान कुठाय? पैसे परत!' खाली हसून लोळणाऱ्या इमोजींची रांग.

मला नाही हसू आलं. सॉरी.

माझी आजी ब्रह्मदेशातल्या रंगूनची. पणजोबा तिथे बंदरावर कारकून. तेव्हा रंगूनात निम्म्याहून जास्त वस्ती आपल्याच, हिंदुस्थानी लोकांची, त्यामुळे परगावी आहोत असं कुणाला फारसं वाटायचं नाही. २३ डिसेंबर १९४१, सकाळी दहाचा सुमार. भोंगा झाला. लोक गॅलरीत, रस्त्यात, माना वर. उन्हात चकाकणारी जपानी विमानं. आजी आठ वर्षांची, कठड्याला लोंबकळून मोजत होती. सत्तावीसपर्यंत पोचली आणि मागून पणजी आली. पाट्यावर मिरची वाटत होती, हात तसेच बरबटलेले. त्याच हाताने वेणी धरून तिला फरफटत जिन्याखाली नेलं. मानेवर मिरचीची अशी आग झाली की पहिला बॉम्ब कधी पडला ते आपल्याला कळलंच नाही, असं आजी सांगायची.

रस्त्यात वर बघत उभे होते त्यांचं काय झालं? ते बॉम्ब माणसं मारायलाच केलेले, फुटले की तुकडे आडवे उडायचे. एका दिवसात हजाराच्या वर माणसं गेली, कितीतरी उघड्यावर, बघता बघता. दोन दिवसांनी, नाताळला, विमानं पुन्हा आली.

आणि इकडे चॅनलवाले तोच भोंगा पार्श्वसंगीतासारखा वाजवतायत. लाज वाटत नाही?

बरं, ड्रिलच होतं, मान्य. आजीलाही आधी मजाच वाटली होती, तेही मान्य. पण ती आठ वर्षांची होती हो. तुम्ही सेक्रेटरी आहात!

असो. चिडून काय उपयोग.

आमच्या घराला जानेवारीत कलकत्त्याच्या बोटीवर डेकची जागा मिळाली. ज्यांना नाही मिळाली ते उत्तरेच्या प्रोम गावावरून डोंगर तुडवत आराकान किनाऱ्याकडे चालत निघाले. वाटेत कॉलरा. पणजोबांच्या ऑफिसातली दोन घरं त्या वाटेने गेली, त्यांचं पत्र कधीच आलं नाही. आजी हे सगळं एका वाक्यात उरकायची आणि पुन्हा वेणीवर यायची. 'आईने वेणी धरून ओढलं म्हणून मी आहे.' लोहगावची विमानं डोक्यावरून गेली की भाजी निवडतानासुद्धा तिचा हात मानेमागे जायचा. आम्ही भावंडं तिची नक्कल करायचो. आता ते आठवलं की कसंतरी होतं.

आज भोंगा झाला तेव्हा लेक बाल्कनीत पळाली, फोन घेऊन. मी मागे धावले, हात सरळ तिच्या केसांकडे गेला. बॉबकट. धरायला काही नाहीच. मग दंड धरून आत ओढली.

अजून बोलत नाहीये माझ्याशी.