योहान म्हणजे एलीयाचा पुनर्जन्म? फॉरवर्ड करण्याआधी पुढची ओळ तरी वाचा

"बायबलमध्ये पुनर्जन्म होता, चर्चने तो लपवला" हा मेसेज परत फिरायला लागलाय. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. येशूने स्वतः म्हटलंय की बाप्तिस्मा करणारा योहान हाच एलीया, आणि एलीया हा संदेष्टा तर त्याच्या आठशेहून जास्त वर्षं आधीचा, म्हणजे सरळसरळ पुनर्जन्म. यरुशलेमच्या याजकांनी योहानाला "तू एलीया आहेस का" असं विचारलं, म्हणजे यहुदी धर्मगुरूही पुनर्जन्म मानायचे. योहान "नाही" म्हणाला कारण मागचा जन्म कुणाला आठवतो. आणि मग इ.स. ३२५ ला नायसियाच्या चर्च-परिषदेत हे सगळं बायबलमधून उडवलं, उरलंसुरलं ५५३ ला. खाली हात जोडलेले चार इमोजी.

पुनर्जन्म खरा की खोटा ह्यात मला पडायचंच नाही. गीतेत आहे, जातककथांत आहे, ज्याला मानायचं त्याने खुशाल मानावं, त्याला बायबलचं सर्टिफिकेट कशाला हवंय? माझं म्हणणं एवढंच की ज्या प्रसंगाचा पुरावा म्हणून हा मेसेज फिरतोय त्या प्रसंगात पुनर्जन्माचा विषयच नाही, आणि ह्याचं कारण इतकं साधं आहे की मेसेज लिहिणाऱ्याला ते कसं दिसलं नाही ह्याचंच नवल वाटतं. पुनर्जन्म व्हायला माणूस आधी मरावा लागतो ना? एलीया मेलाच नाही.

बायबलमधल्या '२ राजे' ह्या पुस्तकाचा अध्याय २ काढा. एलीया आणि त्याचा शिष्य अलीशा यरीहोहून यार्देन नदीवर येतात, एलीया आपला झगा गुंडाळून पाण्यावर मारतो, पाणी दुभंगतं, दोघं पलीकडे जातात, आणि तिथे बोलता बोलता अग्निरथ येतो आणि एलीया वावटळीतून वर जातो. देह नाही, दफन नाही, कबर नाही. लोकांनी नंतर तीन दिवस शोधलं, सापडला नाही. मग जुन्या कराराच्या (बायबलच्या येशूआधीच्या भागाच्या) शेवटच्या पानावर मलाखी संदेष्टा देवाचे शब्द सांगतो की परमेश्वराचा तो भयंकर दिवस येण्याआधी मी एलीयाला पाठवीन. म्हणजे जो जिवंत वर गेला तोच परत येणार, अशी ती अपेक्षा. कुणाच्या तरी पोटी जन्म घेईल अशी नाही.

ही अपेक्षा यहुदी लोकांत किती रोजच्या व्यवहारातली होती ते बघायचं तर मिश्ना बघा, साधारण इ.स. २०० च्या सुमाराला संकलित झालेला त्यांचा कायद्याचा ग्रंथ. त्यात एक केस आहे. दोघांनी एकाच माणसाकडे पैसे ठेवायला दिले, एकाने शंभर, एकाने दोनशे, आणि आता दोघंही म्हणतायत की दोनशे माझे. निकाल काय? दोघांना शंभर-शंभर द्या, वरचे शंभर तसेच ठेवा, एलीया येईपर्यंत. म्हणजे तो येईल, बसेल आणि निवाडा करेल, इतकं ते गृहीत धरलेलं.

आणि हे आपल्यापासून काही फार लांबचं नाही. आपल्या कोकणातले बेने इस्राएल, घरात मराठी बोलणारे यहुदी, एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे ह्याच एलीया संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, बाजूला फळं, आणि प्रार्थनेत त्याचं नाव. नवस फेडायचा असो की घरात लग्न असो, मलिदा होतोच. अलिबागजवळच्या खंडाळ्यात (घाटातलं नव्हे) एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत असं ते मानतात. रथातून आला, रथातून गेला. ह्या जन्मी तो अमक्याच्या घरी जन्माला आलाय असं तिथे कुणी म्हणत नाही.

आता मूळ प्रसंग, योहानाचं शुभवर्तमान (येशूच्या चार चरित्रांपैकी एक, मत्तय, मार्क, लूक ही बाकीची; हा लिहिणारा योहान वेगळा), अध्याय १, ओवी १९ ते २८. यरुशलेमहून याजक आणि लेवी (मंदिराचे सेवक) पाठवले जातात, परूशी ह्या यहुदी पंथाकडूनही माणसं आहेत. पहिला प्रश्न, तू कोण? तो म्हणतो मी ख्रिस्त नाही. मग काय, एलीया आहेस का? नाही. तो संदेष्टा आहेस का? नाही. उत्तरं बघा कशी आखूड होत जातात. शेवटी ते वैतागून म्हणतात, अरे बाबा, ज्यांनी आम्हाला पाठवलंय त्यांना काहीतरी उत्तर द्यायचंय, तूच सांग स्वतःबद्दल काय म्हणतोस. तेव्हा तो यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातली ओळ सांगतो, रानात ओरडणाऱ्याची वाणी. आणि मग त्यांचा खरा प्रश्न बाहेर येतो: तू ख्रिस्त नाहीस, एलीया नाहीस, तो संदेष्टा नाहीस, तर बाप्तिस्मा कशाला करतोस?

हा सगळा अधिकाराचा मामला आहे. कुणाच्या परवानगीने चाललंय हे? त्यांच्याकडे तीन नावांची यादी होती आणि तिन्ही शास्त्रातली, ख्रिस्त म्हणजे अभिषिक्त राजा, एलीया मलाखीतला, आणि "तो संदेष्टा" म्हणजे बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या अध्याय १८ मध्ये मोशे म्हणतो ना की माझ्यासारखा एक संदेष्टा देव उभा करील, तो. यादीतला असशील तर बोल, नसशील तर हे नदीकाठचं प्रकरण काय? शिवाय योहान कुणी उपरा नव्हता, लूक सांगतो की त्याचा बाप जखऱ्या स्वतः याजक, अबीयाच्या वर्गातला. म्हणजे चौकशीला आलेले लोक त्याच्याच जमातीतले, आणि हा पोरगा मंदिर सोडून उंटाच्या केसांचं वस्त्र घालून टोळ आणि रानमध खात लोकांना पाण्यात बुडवतोय. खटकणारच.

एलीयाचंच नाव का आलं तेही उघड आहे. २ राजे १:८ मध्ये एलीयाचं वर्णन आहे, केसाळ वस्त्र आणि कमरेला चामड्याचा पट्टा. मार्क १:६ मध्ये योहानाचा वेष, उंटाचे केस आणि कमरेला चामड्याचा पट्टा. जागा? हा यार्देनपलीकडच्या बेथानीत, आणि एलीया वर गेला तो यरीहोसमोर, नदीच्या पलीकडेच. आजच्या जॉर्डन देशातल्या ज्या अल-मघतासला युनेस्कोने २०१५ साली जागतिक वारसा यादीत घातलं, तिथे बाप्तिस्म्याच्या जागेला लागूनच एलीयाची टेकडीही दाखवतात. जिथून गेला तिथेच त्याच वेषात एक माणूस उभा राहून न्यायाचा दिवस आलाय म्हणतोय, मग विचारणार नाहीत तर काय?

इथे कुणी हुशार म्हणेल की अहो, याजकाचा मुलगा आहे हे माहीत असताना आकाशातून आलेला एलीया समजतील कसे? मुद्दा चांगला आहे. पण लूक १:८० म्हणतं की तो लोकांपुढे येईपर्यंत रानातच होता, आणि पाठवलेल्या माणसांना त्याचं घराणं माहीत होतं असं योहानाचं शुभवर्तमान कुठेच म्हणत नाही. वरून आदेश आलाय, तीन प्रश्न विचारून या, ते विचारतायत.

मग येशूने त्याला एलीया का म्हटलं? मत्तय ११:१४ आणि १७:१२ दोन्हीकडे म्हटलंय, नाकारायचं कारणच नाही. पण कोणत्या अर्थाने ते लूक १:१७ मध्ये देवदूत आधीच सांगून ठेवतो, एलीयाच्या आत्म्याने आणि सामर्थ्याने तो पुढे चालेल. "आत्म्याने" वाचून लगेच उड्या मारू नका. एलीया वर गेल्यावर यरीहोचे लोक म्हणतात की एलीयाचा आत्मा अलीशावर उतरलाय. अलीशा त्या वेळी चांगला धडधाकट नांगर धरून झालेला माणूस होता, तो काय भर दुपारी पुन्हा जन्मला? काम आणि सामर्थ्य पुढच्याकडे गेलं, एवढंच. आणि मत्तय १७ मध्येच, त्याच पानावर, डोंगरावर मोशे आणि एलीया येशूशी बोलताना शिष्यांना दिसतात. योहानाचा शिरच्छेद तीन अध्याय आधीच झालाय. एलीयाच योहान म्हणून जन्मून मेला असता तर डोंगरावर योहान दिसायला हवा होता, दिसतो एलीया.

"मागचा जन्म आठवत नाही म्हणून नाही म्हणाला" ह्यावर काय बोलणार. येशूची ओळ शब्दशः घ्यायची आणि योहानाची ओळ विसरभोळेपणाच्या खात्यात टाकायची? असा नियम लावला तर कुठल्याही पुस्तकातून काहीही सिद्ध करता येईल.

जन्मांध माणसाचा मुद्दाही असतो मेसेजच्या लांब आवृत्तीत. येशूचे शिष्य त्याला विचारतात, हा आंधळा जन्मला तो कुणाच्या पापामुळे, ह्याच्या की आईबापांच्या. जन्माआधी पाप म्हणजे मागचा जन्म, असं म्हणे. यहुदी परंपरेत पोटातल्या बाळाच्या वागण्याचीही चर्चा आहे, एसाव आणि याकोब गर्भातच झुंजले ना. आणि पुढची ओळ? येशू म्हणतो, ह्यानेही नाही आणि आईबापांनीही नाही.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याच्या बाजूची आहे, त्याला ती माहीतच नाही म्हणून मीच सांगतो. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस लिहितो की परूशांच्या मते चांगल्यांचे आत्मे दुसऱ्या शरीरात जातात. हे ऐकायला पुनर्जन्मासारखं वाटतं, काही अभ्यासकांनी तसं वाचलंयही. पण बरेच अभ्यासक म्हणतात की ग्रीक-रोमन वाचकांना पुनरुत्थान (शेवटी मेलेले देहासह पुन्हा उठणं) समजेल अशा भाषेत तो सांगतोय, आणि मला ते जास्त पटतं, कारण प्रेषितांची कृत्ये २३ मध्ये परूशी आणि सदूकी हे दोन यहुदी पंथ भांडतात ते पुनरुत्थानावरूनच. आणि समजा जोसेफसचा अर्थ पुनर्जन्म घेतला तरी तो मेलेल्यांच्या आत्म्यांबद्दल बोलतोय. एलीया त्यात कुठे बसतो?

राहिलं नायसिया. ३२५ ला तिथे एरियस नावाच्या धर्मगुरूचा वाद होता, पुत्र (येशू) पित्यासारखाच देव आहे की निर्माण केलेला, शिवाय ईस्टरची तारीख, आणि वीस नियम काढले. ते नियम आजही वाचायला मिळतात, धर्मगुरूंनी व्याजाने पैसे देऊ नयेत, रविवारी गुडघे टेकू नयेत असले. बायबलमध्ये काय ठेवायचं आणि काय काढायचं ह्यावर एकही नाही. आणि काढायचंच होतं तर मत्तय ११:१४ आधी काढलं असतं ना, जी ओळ हा मेसेज आज छापील बायबलमधून उचलून दाखवतोय!

५५३ ला कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी ओरिजेन ह्या जुन्या ख्रिस्ती विचारवंताच्या विचारांचा निषेध जोडला जातो हे खरं, पण तो वाद होता आत्मे शरीराच्या आधीपासून होते का ह्याचा. मेसेजमध्ये ओरिजेनला पुनर्जन्माचा हुतात्मा केलंय. हा माणूस नायसियाच्या सत्तरेक वर्षं आधी वारला. त्याने योहानाच्या शुभवर्तमानावरच्या भाष्यात हाच याजकांचा प्रश्न घेऊन तो बराच घोळवलाय, पुनर्जन्मवाल्यांची बाजूही मांडलीय. आणि मत्तयावरच्या भाष्यात तर स्पष्ट लिहिलंय की इथे एलीया म्हणजे एलीयाचा जीव असं मी धरत नाही, कारण मग मी आत्म्यांच्या देहांतराच्या मतात जाऊन पडेन, आणि ते मत देवाच्या मंडळीला परकं आहे.